कार्यस्थळ : दररोज बदलते

ईरा, मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, दिलेला पैसा खरंच त्या माणसापर्यंत पोचला की नाही, हे तू कसं ओळखायचीस?" तुला तिकडे परदेशात नवी नोकरी लागली आहे. गरीब वस्त्यांमधल्या लोकांनी छोटे धंदे काढावेत म्हणून तुमची संस्था अनुदान देते आणि तुझ्याकडे तपासणीचं काम आलं आहे. मी "लिहून कळवते" म्हणाले, कारण उत्तर देण्याआधी मला माझ्या वह्या काढायच्या होत्या. त्याच आठवड्यात इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या. तेव्हा एकाच लिहिण्यात दोघांचं भागवते. तुझ्या भावाला, निनादलाही वाचायला दे. त्याचं मराठी सुटत चाललं आहे.

माझं काम अगदी तुझ्यासारखंच होतं, फक्त जीपमधून. ऐंशीच्या दशकात सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांना नुसती मजुरी देण्यापेक्षा धंद्याचं साधन द्यावं. कुणाला म्हैस, कुणाला शेळ्या, कुणाला शिलाई मशीन. थोडं बँकेचं कर्ज, थोडं सरकारचं अनुदान. बायकांचे गट केले तर सगळ्या गटाला मिळून साहित्य. ज्याला मिळालं त्याला लाभार्थी म्हणायचं, आणि साधन जागेवर आहे की नाही हे बघायला मी जायची. धुळ्याला नोकरी, जळगावला घर. शनिवारी एसटीने घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत.

मी पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. सिस्टरांनी मथळ्याखाली लाल रेघ मारायला शिकवलं होतं, ती मी निवृत्त होईपर्यंत मारली. दोन नियम मी स्वतःच घालून घेतले होते. एक, न सांगता जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न सांगता जायचं. दोन, लाभार्थ्याच्या घरी काही घ्यायचं नाही; चहा नाही, सुपारी नाही, पाणीसुद्धा नाही. माझ्या खांद्याला निळा थर्मास असायचा. तालुक्यात मला थर्मासवाली बाई म्हणत, आणि मला ते आवडायचं.

संशय हा माझ्या कामाचा भाग होता, हे आधी सांगते, कारण पुढे मी त्याच्याविषयी वाईट बोलणार आहे. शिरपूरकडच्या एका म्हशीची गोष्ट ऐक. डोंगराच्या पायथ्याची तीन गावं, तिन्ही गावांत एकेका शेतमजुराच्या नावावर एकेक म्हैस. पहिल्या गावात म्हैस पाहिली. कानात बिल्ला, अंगाला तेल, अगदी नवरीसारखी उभी. दुसऱ्या गावातली म्हैसही तशीच, आणि तिच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. पहिलीच्याही डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं होतं की काय, ते मला आठवेना. मग मी पिशवीतून कचेरीचा शिक्का काढला, जांभळ्या पॅडवर दाबला आणि म्हशीच्या शिंगावर उमटवला: तपासले.

तिसऱ्या गावाला आमची जीप सडकेने वळसा घालून गेली. तिथे गोठ्यात म्हैस होती, आणि तिच्या शिंगावर लिहिलं होतं: तपासले.

म्हशी मिळवून देणारा मध्यस्थ, सगळे त्याला नाना म्हणत, शेजारीच उभा होता. त्याने शिंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नाना, ही इथे कशी आली?"

"मॅडम, जनावर आहे. फिरायला आली असेल."

"आमच्या आधी?"

"तिला मधली पायवाट माहीत आहे ना," नाना म्हणाला.

ड्रायव्हर हसून हसून जीपला टेकला. मीही हसले असेन. त्या अहवालाने माझं नाव झालं. साहेब मीटिंगमध्ये म्हणायचे, मॅडमना विचारा, त्या शिंगं वाचतात. पण ज्या तीन मजुरांच्या नावावर ती एक म्हैस होती, त्यांच्याकडे मी नंतर गेले नाही. त्यांना म्हैस मिळाली नव्हती, आणि माझ्या अहवालाने ती मिळणारही नव्हती. चोरी सापडली, काम संपलं, असं मला तेव्हा वाटायचं.

कधीकधी संशय तोंडावर आपटायचा. एका घरी शिलाई मशीनला हळदकुंकू लावलेलं, हार घातलेला, आणि सुई नाही. मी विचारलं, "चालवत नाही ना?" ती बाई उठली, आगपेटी घेऊन आली, आगपेटीतून सुई काढली, लावली, आणि माझ्या साडीचा निघालेला फॉल तिथल्या तिथे शिवून दिला. "सुई वर ठेवस. लेकरं टोची लेतस," एवढंच म्हणाली. मी वहीत "समाधानकारक" लिहिलं. फॉल शिवून घेणं हे काही घेणं होतं का, यावर परतीच्या वाटेत मी बराच विचार केला.

आता पापडाच्या गटाकडे येते. सगळं सांगायचं ते त्याच्यासाठीच.

दोंडाईच्यापासून थोड्या अंतरावरचं खेडं. नाव लिहीत नाही. गावाच्या कडेला, नाल्यापलीकडे एक वस्ती, तिथल्या दहा बायकांचा गट. बोलणारी एकच, कौसाबाई. पन्नाशीची, नवरा नसलेली, आवाज खणखणीत. या बायका आधी दोंडाईच्याच्या एका व्यापाऱ्यासाठी पापड लाटत. सगळे त्याला शेठ म्हणत. उडदाचं पीठ शेठचं, पापड शेठचे, बायकांना मजुरी, तीही तुटलेले पापड वजा करून. तुटलेले किती, हे शेठ ठरवणार. गट काढला तो या कटकटीतून सुटायला. अनुदानाच्या पहिल्या हप्त्यात दहा पोळपाट-लाटणी, मोठी पातेली, तराजू आणि पहिला उडीद आला होता. दुसऱ्या हप्त्यात यायची होती दळायची चक्की. स्वतःची चक्की आली की पिठासाठी शेठच्या दारात उभं राहायला नको. त्या दहाजणींचं सगळं घोडं त्या चक्कीपाशी अडलं होतं, आणि चक्की माझ्या अहवालापाशी.

दिवाळीनंतर मी गेले. अर्जातल्या "कार्यस्थळ" या रकान्यात लिहिलं होतं: सुभद्राबाईची ओसरी. ओसरीवर कुणी नव्हतं, फक्त सुभद्राबाईचे सासरे, आबा, बाजेवर बसलेले.

"आबा, पापडाचं काम कुठे चालतं?"

"आज कौसाकडे शे."

कौसाबाईकडे दहाजणी लाटत होत्या. मी पोळपाट मोजले, दहा. दुसऱ्या दिवशी न सांगता परत. कौसाबाईच्या घराला कडी, आणि त्याच दहाजणी, तेच पोळपाट, तीच पातेली तिसऱ्याच एका घरात. आठवड्याने गेले तर चौथ्या घरात. अंगणात पसरलेले पापड त्या त्या घरचे. गटाचा साठा असा कुठेच नाही. मी त्या चौथ्या घरच्या बाईला विचारलं, "हा उद्योग कुणाचा?"

"आज मना," ती म्हणाली, म्हणजे आज माझा.

"आणि काल?"

"काल हिना." तिने लाटण्याने शेजारणीकडे दाखवलं. बाकीच्या हसल्या.

कौसाबाई पितळी तांब्या घेऊन आली. "बाई, उन्हातून उन्यात. पानी ल्या."

"नको," मी थर्मास दाखवला. "माझ्याजवळ आहे."

तिने तांब्या तसाच परत नेला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाई पोळपाट मोजस, पापड मोजतच नही." मी ऐकलं आणि वहीत नोंदलं नाही.

शनिवार होता म्हणून जीप परत पाठवून मी रेल्वेने जळगावला निघाले; दोंडाईच्याच्या स्टेशनवर पॅसेंजर उशिरा होती. तिथे शेठ भेटला. स्वच्छ धोतर, स्वच्छ मराठी, खिशातल्या पाकिटात पावत्या लावून ठेवलेल्या, तारखेच्या क्रमाने. त्याने चहा मागवला. मी घेतला नाही, पण त्याचं बोलणं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमच्यासारखी तपासणी मी पाहिली नाही. पण त्या बायका तुम्हांला दाखवायला बसतात. तुमची जीप पुलावर दिसली की ज्या घरी जमेल त्या घरी मांडतात."

"तुम्हांला कसं माहीत?"

"माझ्याकडे काम करत होत्या ना. त्यांना मी ओळखून आहे."

माझ्या डोळ्यांसमोर शिंगावरचा जांभळा शिक्का आला. एकच साहित्य, अर्जातलं धरून चार घरं. मी अहवालात लिहिलं: एकच साहित्य निरनिराळ्या घरी दाखवले जाते. सामायिक उद्योग अस्तित्वात नाही. पुढील हप्ता देऊ नये. खाली लाल रेघ.

फेब्रुवारीत दोंडाईच्याला दुसऱ्या एका गटाची तपासणी आली. हा गट शेठच्या बायकोच्या नावाचा. काय सांगू, फॉर्मला हवं तसं सगळं होतं. पत्र्याची शेड, दारावर पाटी, साठ्याचं रजिस्टर, एका ओळीत दहा पोळपाट आणि दहा बायका, डोक्यावर पदर पुढे ओढून, माना खाली. मी यादीतली नावं वाचली. प्रत्येक नावाला एकेकीने मान हलवली. कार्यस्थळ: निश्चित. शेरा: समाधानकारक. त्यांना चक्की मंजूर झाली.

एप्रिलमध्ये मी रजेवर जळगावला आले होते. आमच्या कॉलनीत पाटीलवहिनी राहायच्या, माहेरच्या सावद्याच्या, घरच्या केळीच्या बागा. त्यांनी कंपाउंडवरून हाक मारली.

"ताई, परवा माझे पापड. पोळपाट-लाटणं घेऊन या."

मला जरा अवघडल्यासारखं झालं. पुण्याला आमच्याकडे पापड दुकानातून यायचे. लग्नानंतरही मी नोकरीच्या सबबीवर या कामात कधी बसले नव्हते. पण गेले. आठजणी होत्या. प्रत्येकीच्या पोळपाटाला मागून नेलपॉलिशची खूण. पीठ कुटायचं मुसळ कुणाचं तरी, बाज कुणाची तरी, लाट्या कापायचा दोरा वहिनींचा. माझे पापड महाराष्ट्राच्या नकाशासारखे झाले. ते बाजूला ठेवून सगळ्यांनी विदर्भ कुठे आहे ते शोधलं.

निघताना वहिनी म्हणाल्या, "उद्या चौधरीकाकूंकडे, परवा मालूकडे. तुमचा वार कोणता धरायचा?"

"माझा?"

"मग? तुम्ही आमच्याकडे लाटले ना. आता तुमच्याकडे आम्ही. उडीद किती, तेवढं सांगा."

शुक्रवारी माझा वार होता. त्याच आठजणी, तेच पोळपाट, तेच मुसळ, तीच बाज माझ्या अंगणात. मी पापड उचलून वाळत घालत होते आणि फाटक वाजलं. पोस्टमन होता. पत्र देताना सहज म्हणाला, "परवा चौधरींकडे होतं ना हे सगळं? आज कुणाचे पापड?"

"आज माझे," मी म्हणाले.

ईरा, पत्र माझ्या हातातच राहिलं. मालूने हाक मारली तेव्हा उन्हातला एक पापड माझ्या पायाखाली मोडला होता.

खानदेशात उन्हाळ्यात गल्लोगल्ली पापड असेच होतात. एका बाईला एकटीने जमत नाही, म्हणून दहाजणी मिळून रोज एकीचं करतात. कौसाबाईच्या वस्तीने घरच्या पापडाची ही रीत विकायच्या पापडाला लावली होती. ज्या दिवशी जिच्या घरी, त्या दिवशीचा माल तिचा. नफा तिचा, तोटाही तिचा. शेठने कापून घेतलेल्या मजुरीनंतर त्यांना एवढंच हवं होतं, की तुटलेला पापड कुणाचा हे डोळ्यांनी दिसावं. सगळ्या कॉलनीला ठाऊक असलेली गोष्ट मी तीन फेऱ्या मारून, मोजून, फसवणूक म्हणून लिहून आले होते.

सोमवारी साहेबांकडे गेले. ते भले गृहस्थ होते.

"मॅडम, अहवाल वर गेला. आर्थिक वर्षही संपलं."

"मी दुसरा अहवाल देते."

"काय लिहिणार?"

"की पहिला चुकला."

त्यांनी चष्मा काढला. "आणि उद्या त्या म्हशीवाल्या नानाने वकील आणला, की या बाईंचे सगळेच अहवाल पुन्हा काढा, तर? तुमचं नाव आहे म्हणून सांगतो."

मला नावाची काळजी वाटली, हे तुमच्यापासून लपवत नाही. मी टेबलाशी जाऊन बसले, दोन दिवस बसले, आणि मग नवा अर्ज घेऊन त्या खेड्याला गेले.

मे महिना होता. सुभद्राबाईच्या ओसरीवर कौसाबाई आणि बाकीच्या जमल्या. शेठच्या शेडला त्या दिवशी सुट्टी होती. मी सांगितलं, चूक माझी, अर्ज नव्याने करू, सह्या-अंगठे द्या. कुणी हललं नाही.

"तुम्ही तेव्हा मला समजावून का नाही सांगितलंत?" मी विचारलं. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

"तुम्ही इचारंच नही," कौसाबाई म्हणाली. "नुसतं मोजं."

मग ती शांतपणे पुढे बोलली. "शेठनी शेडमा बी तुम्ही उन्यात. चक्की नही, पीठ नही, म्हनीसन आम्ही तठेच व्हतूत. तुम्ही नाव वाचं, मी मान हलाई. ते नाव मनं नव्हतंच."

मी एकेकीकडे पाहिलं. सुभद्राबाई होती. "काल हिना" म्हणणारी होती. फेब्रुवारीत त्या शेडमध्ये या दहापैकी सहाजणी माझ्यासमोर होत्या, शेठच्या भावकीतल्या बायकांची नावं घेऊन, आणि मी पोळपाट मोजले होते. त्यांच्या चक्कीला मी नकार दिला होता, त्याच हातांच्या जोरावर शेठच्या चक्कीला होकार दिला होता. इतका सराईत संशय माझा. पण शेठच्या तारखेवार लावलेल्या पावत्या पाहून तो मुकाट्याने बसला होता. तो नेहमी नाल्यापलीकडेच जायचा.

"या कागदावर अंगठा दिधा की शेठ सकायपासून काम बंद करी," कौसाबाई म्हणाली. "आनि तुम्ही मागला टाइमले बी असंच गोड बोलीसन गयात. चक्की नही उनी तं?"

"नाही आली तर..." मला खोटं बोलायचं नव्हतं. "येईलच असं मी सांगू शकत नाही. पण शेडमध्ये काय चालतं तेही मी लिहून देणार आहे, आणि माझी चूकही."

"आधी वाची दखाडा."

मी वाचला. तिने तो माझ्या हातातून घेऊन सुभद्राबाईच्या सुनेला दिला. ती आठवी शिकलेली होती. तिने अक्षर अक्षर लावून सगळा अर्ज पुन्हा वाचला. मी वाचलं तेच कागदावर आहे का, हे ताडून बघत होत्या त्या. माझीच पद्धत. न सांगता, दुसऱ्यांदा.

"कार्यस्थळ" या शब्दापाशी सून थांबली. "आठे काय लिखानं?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी पेन काढलं आणि लिहिलं: दररोज बदलते. सुनेने ते मोठ्याने वाचलं. पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

सातजणींनी अंगठे दिले. तिघी उठून गेल्या. त्यांना उद्याच्या मजुरीचा भरवसा माझ्यापेक्षा जास्त होता, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेठने त्या सातजणींचं काम खरंच दुसऱ्या दिवशी बंद केलं. वरून तो अर्ज त्या रकान्याभोवती लाल गोल काढून तीनदा परत आला. मी तीनदा तोच पाठवला. त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात "निर्णयक्षमता : अस्थिर" असा शेरा पडला, त्याची प्रत दुसऱ्या वहीत आहे, याल तेव्हा दाखवीन. चक्की यायला पुढची संक्रांत उजाडली. ते मधले आठ महिने त्या सातजणींनी दुसऱ्यांच्या कापसात, मिरचीत काढले. चक्की सुभद्राबाईच्या ओसरीवर बसली, कारण चक्की काही रोज उचलून नेता येत नाही. पापड मात्र घरोघर फिरत राहिले.

पण त्या मे महिन्यातल्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. अंगठ्याची शाई पुसत बायका पांगल्या. मी पायरीवर बसले होते. घसा कोरडा पडला होता आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. माझ्यासारख्या बाईने यांच्यासारख्यांच्या घरी पाणी नाकारलं, तर आपल्या देशात त्याचा काय अर्थ घेतला जातो, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी तो माझा प्रामाणिकपणा समजत होते. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं तेच पुन्हा पाहिलं असणार.

"कौसाबाई," मी म्हणाले, "जरा पाणी देता का?"

ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खांद्याकडे. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी शेळीचा बिल्ला बघताना जशी बोलायची, तशी ती बोलली.

"तुमनं पानी तुमनाजोडे शे ना?"

मी थर्मास उघडला आणि प्यायले. पाणी गरम झालं होतं. मी पिऊन झाकण लावीपर्यंत ती तिथेच उभी राहिली.